दुष्काळाचे चित्र आणि दुष्काळाचे कारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? भेगाळलेली जमीन, पोट फुगलेले मूल आणि धान्याची पोती उतरविणारा गोरा स्वयंसेवक. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे, आणि त्यातून जे वगळले जाते तेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

इथिओपियाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९८४ मध्ये बी.बी.सी.ने तेथील छावणीची दृश्ये दाखविली आणि जग हेलावले. त्या वर्षअखेरीस ब्रिटनमधील नामवंत गायकांनी मदतनिधीसाठी एक गीत काढले. नाताळ आला आहे हे तिकडच्यांना ठाऊक तरी आहे काय, अशा आशयाचे त्याचे शीर्षक. ज्या देशाच्या राजाने चौथ्या शतकातच ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या देशाच्या दुष्काळावरून हा प्रश्न! गीतात आफ्रिका ही पाऊस आणि नद्या नसलेली भूमी ठरली. निळी नाईल मात्र इथिओपियातच उगम पावते.

मदतीने जीव वाचले, हे कृतज्ञतेने मान्य करू या. परंतु पाऊस हुकला एवढेच कारण नव्हते. टिग्रे व एरिट्रिया येथे युद्ध पेटले होते. मेंगिस्टूंच्या शासनाने बंडखोरांच्या मुलखातील बाजारांवर बाँब टाकले, धान्याच्या वाटा अडविल्या आणि सुमारे सहा लाख लोकांना, बहुतांशी सक्तीने, दूर नैर्ऋत्येकडे हलविले. हे शासन स्वतःला मार्क्सवादी म्हणवीत असे, म्हणून समाजवाद्यांनी याबाबत मौन पाळणे उचित नाही.

त्यापूर्वीच्या, १९७३ च्या वोलो प्रांतातील दुष्काळाचा अभ्यास अमर्त्य सेन यांनी १९८१ साली मांडला. देशाचे एकूण अन्नोत्पादन फारसे घटले नव्हते. उपाशी वोलोतून धान्य बाहेर जात होते. गरिबांची क्रयशक्ती मात्र नष्ट झाली होती. त्याच सुमारास महाराष्ट्रातही पाऊस हुकला होता. मे १९७३ मध्ये आपल्याकडे जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मजुरी मिळाली म्हणून माणसे जगली. आणि ती कामे निघावीत यासाठी श्रमिकांच्या मोर्चांचा रेटा होता.

एकसाची चित्र टिकते किती? ब्रिटनमधील व्ही.एस.ओ. या स्वयंसेवी संस्थेच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांपैकी ऐंशी ब्रिटिशांच्या मनात विकसनशील देश म्हणजे दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत, असेच समीकरण आढळले. आपल्या वृत्तपत्रांतही बव्हंशी त्याच वृत्तसंस्थांची छायाचित्रे येतात.

अशा चित्राने दया जागते, पण जबाबदार कोण हा प्रश्न झोपी जातो. म्हणून यापुढे असे छायाचित्र दिसेल तेव्हा विचारा : धान्याचा भाव काय होता, मजुरी किती होती, रस्ता कोणी अडविला होता? आपल्या गावातील दुष्काळाबद्दल आपण हेच विचारतो. आफ्रिकेतील माणसाचाही तेवढाच अधिकार आहे.