उतरते ऊन आणि वाघाची वाट



रानातल्या प्राण्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांना दिवसाचा कोणता प्रहर सर्वांत प्रिय, असे विचारले तर बहुतेक जण उतरत्या उन्हाचे नाव घेतील. या आवडीमागे निसर्गाचा एक नियम आहे. तो आधी पाहू, म्हणजे आज जो प्रश्न आम्हांला आपणांपुढे मांडावयाचा आहे त्याचे मर्म ध्यानात येईल.

सूर्य माथ्यावर असतो तेव्हा त्याचे किरण हवेतून सरळ खाली येतात. तो क्षितिजापासून दहा अंशांवर आला की त्याच किरणांना सुमारे साडेपाच पट हवा ओलांडावी लागते. या लांबच्या प्रवासात प्रकाशातला निळा अंश विखरून जातो आणि तांबूस-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. शिवाय हे ऊन आडवे येते. भर दुपारी चितळाचे डोळे सावलीत बुडालेले असतात आणि वाघाच्या पट्ट्यांवर पानांच्या सावल्यांची जाळी पडते. संध्याकाळी ऊन फांद्यांखालून शिरते, डोळ्यांत तेजाचा ठिपका उमटवते, रानगव्याच्या काळ्या अंगाचे उंचसखल स्पष्ट दाखवते. प्राणी सूर्याच्या आणि आपल्या मध्ये असला, तर त्याच्या केसांना सोन्याची किनार चढते आणि खुरांनी उडालेली धूळसुद्धा उजळते.

परंतु हा प्रहर फार आखूड असतो. मेच्या मध्यास ताडोबाच्या रानात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. दहा अंशांवरून क्षितिजाला टेकावयास त्याला जेमतेम पाऊण तास लागतो. त्यातच गाड्यांना फाटकाबाहेर पडण्याची घाई असते. आणि गंमत अशी की, दिवसभर गारव्याला पडून राहिलेला वाघही याच वेळी उठून आपल्या वाटेला लागतो. आपली हौस आणि त्याची गरज एकाच घटकेला, एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. तेव्हा वाट कोणी सोडावयाची?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये त्याची आपण होऊन दखल घेतली. प्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर राखावे, त्याला घेरू नये, हा दंडक तर २०१२ सालापासूनच लिहिलेला आहे.

कोणी म्हणेल, नियम पाळीत बसलो तर चित्र हातचे जाईल. आम्हांला तसे वाटत नाही. अडविलेल्या जनावराचे कान मागे पडतात, पाऊल अडखळते, नजर गाडीवर खिळते. कितीही सोनेरी ऊन असले तरी त्या चित्रात रान उरत नाही, आपली गर्दी तेवढी दिसते. हिमालयाच्या पायथ्याशी फ्रेडरिक वॉल्टर चँपियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या नेहमीच्या वाटेवर कॅमेरा बसवून तार लावून ठेविली. रात्री वाघाचा पाय तारेस लागला की दिवा चमके आणि चित्र निघे. त्याचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यापाशी ना उतरते ऊन होते, ना आजची दूरवरचे टिपणारी भिंगे. तरी त्याने वाघाला वाटेत अडविले नाही. वाघ कोठून जातो, याचा अभ्यास केला.

सुट्टीत आपल्यापैकी कित्येक जण सहकुटुंब रानात जातील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे. पाणवठ्यापासून दूर, ऊन पाठीशी किंवा बगलेला येईल अशी जागा लवकर धरा, गाडीचे यंत्र बंद करवा आणि थांबा. वाघ आला नाही तर चितळे येतील, मोर येईल. ते ऊन त्यांच्यावरही तितकेच सुंदर पडते. वाघ आलाच आणि वाट गाडीने अडली असेल, तर चालकाला मागे हटण्यास सांगा, मग कॅमेरा उचला. पैसे आपण मोजलेले असतात, म्हणून आपला शब्द चालक ऐकतो. “आणखी जवळ घ्या” असे म्हणणारेही आपणच असतो, हे विसरू नये.