देवाच्या दागिन्याचा हिशेब



पेरणी तोंडावर आली की घरातलं सोनं गहाणाला निघतं. म्हणून आज दागिन्याच्या वजनाबद्दल बोलायचं आहे. सुरुवात देवाच्या दागिन्यापासून करतो.

तामिळनाडूत तंजावरला बृहदीश्वराचं देऊळ आहे. 1010 च्या सुमारास ते राजराज चोळानं पुरं केलं. पुढे तिथं भोसल्यांचं राज्य झालं आणि 1803 साली त्यांचा मोठा मराठी शिलालेखही त्याच देवळात कोरला गेला. पण मी सांगतोय ते जुने, तमिळ लेख. राजानं आणि त्याच्या बहिणीनं मूर्तींना वाहिलेल्या रत्नजडित दागिन्यांची यादी त्यांत आहे. प्रत्येक दागिन्यात मोती किती, हिरे किती, माणकं किती, हे मोजून लिहिलंय. मोती गोल की ओबडधोबड, हिऱ्याला डाग आहे की चीर, तेसुद्धा. सोनं तोलायचा दगड वेगळा, दागिने तोलायचा वेगळा, आणि दोन्ही दगडांना देवाची नावं. वजन गुंजेपर्यंत नेलंय. लाख आणि दोरा धरून वजन किती, हेही सांगितलंय.

देणारा राजा, घेणारा देव. तरी हिशेब तोंडी ठेवला नाही. आणि आपण?

कापसाला ओल आहे म्हणून कडता लावला तर आपण भांडतो. पण बोरमाळ गहाण ठेवताना मुकाट्यानं अंगठा देतो. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. ती वजा होणारच. खड्यांचं वजनही वजा होणार, कारण कर्ज मिळतं ते सोन्यावर. वजावट रास्त आहे, पण ती किती केली हे आपल्याला कळलं पाहिजे. 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, मात्र कुंदन आणि जडावाच्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. तिथं तर जास्तच सावध राहा.

रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश हेच सांगतात: कस कर्जदारासमोर पाहायचा आणि तपशिलाचा दाखला द्यायचा. तेव्हा चार आकडे लिहून घ्या: एकूण वजन, वजावट, निव्वळ सोनं आणि कस. खडे किती, तेही मोजून लिहवून घ्या.

शेतमालाला उत्पादनखर्चावर भाव मिळाला तर सोनं घराबाहेर जाणारच नाही. ती लढाई आपण सोडलेली नाही. पण तोवर दागिना त्यांच्या तिजोरीत गेला, तरी कागद मायबहिणींच्या हातात असला पाहिजे.