आपत्कालीन बटणामागचे अर्थशास्त्र : बसमधील संदेश, ट्रिगर आणि सर्व्हरलेस कंटेनर

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकासमोर पुणे उभे राहते. बेंगळूरूलाही एक शिवाजीनगर आहे. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाणारा, छावणीच्या परिसरातील हा भाग रसेल मार्केट, बाउरिंग रुग्णालय आणि शहर बस वाहतुकीचे मोठे स्थानक यांमुळे दिवसभर गजबजलेला असतो. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर असलेल्या शहरात हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. या स्थानकातून सुटणाऱ्या बस बेंगळूरू महानगर परिवहन महामंडळाच्या आहेत. १९९७ मध्ये राज्य परिवहन महामंडळातून वेगळ्या झालेल्या या संस्थेकडे आज ६,००० हून अधिक बस आहेत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना सर्वसाधारण सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. बसमधील महिलांची संख्या त्यामुळे मोठ्या प्रमाणावर वाढली आणि त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही त्याच प्रमाणात महत्त्वाचा झाला.

यासंदर्भात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२५ एच विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवा. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा वगळता सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक उपकरण आणि आपत्कालीन बटण बसविणे त्यानुसार बंधनकारक आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या वाहनांना तो लागू झाला, जुन्या वाहनांबाबतचा निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला. उपकरण कसे असावे हे एआयएस-१४० या मानकात सांगितले आहे. वाहन चालू असताना काही सेकंदांच्या अंतराने स्थान कळविणे, नेटवर्क नसल्यास नोंदी साठवून नंतर पाठविणे आणि बटण दाबले गेल्यास आपत्कालीन केंद्राकडे स्वतंत्र संदेश धाडणे ही त्याची प्रमुख कामे होत.

बटण बसविणे हा खर्चाचा दृश्य भाग झाला. बटण दाबल्यावर पुढे काय होते, हा भाग मात्र अदृश्य असतो आणि निविदेच्या कागदपत्रांत त्याला सहसा चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. तो भाग कच्चा राहिला तर बटण केवळ शोभेचे ठरते.

आता आकडे पाहू. ६,००० बस दर १० सेकंदांनी एक संदेश पाठवीत आहेत असे समजले, तर सेकंदाला ६०० संदेश येतील. बस दिवसाचे १६ तास धावली तर हा आकडा ३ कोटी ४५ लाखांवर जातो. या महापुरात संकटाचा संदेश एखादाच असेल. तो केव्हा येईल हे कोणासही सांगता येणार नाही, आणि आला तर त्याला रांगेत उभे करता येणार नाही. दोन्ही संदेश एकाच उपकरणातून निघतात, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अशा संदेशांच्या वाहतुकीसाठी एमक्यूटीटी ही पद्धती सर्रास वापरली जाते. तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती उपग्रहामार्फत कमी खर्चात मिळावी म्हणून अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तयार केली. तिच्यात संदेश पाठविणारा आणि घेणारा यांचा थेट संबंध येत नाही. मध्ये ब्रोकर असतो. बाजार समितीतील अडत्याप्रमाणे तो आलेला माल विषयवार लावतो आणि ज्याने ज्या विषयाची मागणी नोंदविली आहे त्याला तो देतो. बसमधील उपकरण ही भाषा बोलत नसेल तर मध्ये एक दुभाषी संगणक ठेवावा लागतो.

ब्रोकरकडील संदेशावर प्रक्रिया करणारा कार्यक्रम कंटेनरमध्ये बांधलेला असतो. कंटेनर म्हणजे कार्यक्रम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य यांची एकत्र मोट. जहाजावरील कंटेनर कोणत्याही बंदरात उतरतो, तसा हा कोणत्याही सर्व्हरवर चालतो. 'सर्व्हरलेस' हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. सर्व्हर असतोच, तो दुसऱ्याचा असतो एवढेच. काम आले की कंटेनर उभा राहतो, काम संपले की मिटतो, आणि वापरलेल्या वेळापुरतेच बिल येते.

ब्रोकर आणि कंटेनर यांना जोडणारा नियम म्हणजे ट्रिगर. कोणत्या विषयावरील संदेश आल्यावर कोणता कंटेनर जागा करावयाचा, त्याला बोलाविण्याचा अधिकार कोणत्या सेवा-खात्याला आहे, किती संदेशांचा गठ्ठा करावा, गठ्ठा भरला नाही तरी किती सेकंदांनी तो पुढे पाठवावा, कंटेनरने प्रतिसाद दिला नाही तर किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा प्रयत्न करावा, आणि सर्व प्रयत्न फसले तर संदेश कोठे ठेवावा, एवढ्या गोष्टी त्यात ठरवाव्या लागतात. शेवटची बाब सर्वांत दुर्लक्षित राहते. फसलेल्या संदेशांसाठी वेगळी रांग राखली नाही, तर ते निमूटपणे नष्ट होतात आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते.

स्थानाच्या संदेशांचे १०० चे गठ्ठे केले तर सेकंदाला ६०० ऐवजी केवळ ६ वेळा कंटेनरला बोलवावे लागेल. बटणाच्या संदेशाला मात्र गठ्ठ्याची मर्यादा १ हवी आणि प्रतीक्षा शून्य. म्हणून दोहोंसाठी विषयही वेगळे असावेत, ट्रिगरही वेगळे.

खर्चाचा विचार येथून सुरू होतो. समजा, कायम चालू ठेवलेल्या सर्व्हरला दिवसाला १०० रुपये पडतात आणि सर्व्हरलेस कंटेनरला प्रत्यक्ष कामाच्या तासाला १० रुपये (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत). दहा तासांहून कमी काम असेल तर दुसरा मार्ग स्वस्त, अधिक असेल तर पहिला. स्थानाचे संदेश १६ तास अखंड येतात, त्यांच्यासाठी सर्व्हरलेसचा आग्रह धरणे हे व्यावसायिकांच्या जाहिरातीला भुलणे होय. बटणाचे काम दिवसाकाठी काही मिनिटांचे. तेथे ही व्यवस्था शोभते.

पण एक अडचण आहे. मिटलेला कंटेनर उभा राहण्यास वेळ लागतो, कधी सेकंदाचा अंश, कधी काही सेकंद. तिकिटांच्या हिशेबात तो खपून जाईल, संकटात नाही. यावर उपाय म्हणजे एक कंटेनर सतत जागा ठेवणे. त्यासाठी दिवसाला, समजा, ३० रुपये अधिक मोजावे लागले, तर ती रक्कम विम्याच्या हप्त्याप्रमाणे समजावी. काहीच न घडलेल्या दिवशी ती वाया गेली असे लेखापरीक्षकाला वाटू शकते, म्हणून तिचे कारण मंजुरीच्या टिपणीतच नोंदविणे बरे.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. एआयएस-१४० प्रमाणे बटण दाबल्यावर उपकरण आपत्कालीन स्थितीत जाते आणि अधिकृत सर्व्हरने ती स्थिती मागे घेईपर्यंत संदेश पाठवीत राहते. शिवाय पोच मिळाली नाही की ब्रोकरही तोच संदेश पुन्हा देऊ शकतो. प्रत्येक संदेशागणिक गस्तीची नवी गाडी निघाली तर पोलिसांचे मनुष्यबळ एका बसमागे धावेल. तेव्हा बस आणि घटना यांचा मिळून एक क्रमांक ठरवून, तो आधी नोंदला गेला आहे का हे कंटेनरने प्रथम तपासले पाहिजे. संदेश दोनदा येणे परवडते, एकदाही न येणे परवडत नाही.

सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासकाला आणखी एक बदल जाणवेल. सर्व्हर विकत घेणे हा भांडवली खर्च. त्याची तरतूद एकदाच होते आणि त्याचे उद्घाटनही करता येते. वापरानुसार येणारे बिल हा महसुली खर्च आहे, तो दरमहा बदलतो आणि वर्षअखेरीस तरतूद संपली तर सेवाच थांबू शकते. बटणाच्या व्यवस्थेला हा नियम लागू होऊ नये यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आवश्यक ठरते. एकाच पुरवठादाराच्या जाळ्यात अडकण्याचा धोकाही आहेच. केनेटिव्हसारखी मुक्त स्रोत प्रणाली आणि क्लाउडइव्हेंट्ससारखा घटनांचा सामायिक नमुना वापरल्यास कंटेनर दुसरीकडे हलविणे तुलनेने सोपे जाते. केंद्राच्या 'मेघराज' उपक्रमामुळे सरकारी विभागांना मेघसेवा घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे, पण करारातील बाहेर पडण्याच्या अटी प्रत्येक विभागाला स्वतःच वाचाव्या लागतात.

कंटेनर आपले काम बिनचूक करील, घटनेचा क्रमांक देईल, बसचे स्थान नकाशावर दाखवील. समोरच्या खुर्चीत माणूस हवा आणि त्याला जवळच्या पोलीस ठाण्याशी बोलण्याचा अधिकार हवा. पाळी बदलताना ती खुर्ची दहा मिनिटे रिकामी राहिली, तर वाचविलेल्या दोन सेकंदांना अर्थ उरत नाही.

चाचणीचा खर्च मात्र नगण्य आहे. पहाटे आगारातून बस सुटण्यापूर्वी वाहकाने चाचणीच्या सूचनेसह बटण एकदा दाबावे आणि केंद्राकडून पोच आल्यावरच बस बाहेर काढावी. ६,००० बसचे ६,००० संदेश एका तासात आले तरी सेकंदाला दोनही होत नाहीत. ज्या बसची पोच येणार नाही, तिचा क्रमांक त्याच वेळी आगार व्यवस्थापकाच्या यादीत जाईल.