दरीतल्या पाण्याचा स्विच

श्रोतेहो, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत एक शिस्त नव्या कामगाराला आधी शिकवतात. यंत्रात हात घालायचा असेल, तर मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचे, पाटी अडकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. हीच मंडळी गुरुवारच्या सुट्टीला डोंगरात जातात. आज अशा एका जागेविषयी बोलायचे आहे, जिथला स्विच आपल्या हाती नसतो.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, साम्रद नावाचे गाव आहे. गावाजवळच जमीन एकाएकी चिरत जाते आणि सांदण दरी सुरू होते. काळ्या कातळातली ही भेग दोनशे फुटांहून खोल, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत. पायाखाली नुसते दगडधोंडे. वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. हिवाळ्यात दुसऱ्या डोहात कमरेपर्यंत भिजावे लागते. शेवटी कोकणात उतरणारे कडे आहेत. दोराशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून एका दिवसासाठी आलेली मंडळी आल्या वाटेनेच परततात.

ही वाट मुळात पाण्याची आहे. आत उतरलेल्या माणसाला आकाश दिसते ते एका पट्टीएवढे. डोंगरामागे भरून आले, तरी त्याला पत्ता लागत नाही. बाजूला सरकायला जागा नसते.

अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप नावाची अशीच चिंचोळी दरी आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे अकरा जण पुरात वाहून गेले. दरीवर पाऊस फारसा नव्हता. तो काही मैल दूर, वरच्या अंगाला कोसळला होता. वाळवंटातल्या टणक जमिनीत पाणी मुरत नाही, ते एकवटून फटीत शिरते. इतके लांब कशाला, ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबाच्या सहलीतले पाच जण वाहून गेले. पाणी वाढायला घटका लागत नाही.

आमच्या गिर्यारोहण मंडळाची बस एका ऑक्टोबरात दुसरी पाळी सुटल्यावर चाकणहून निघाली आणि नारायणगाव, आळेफाटा, कोतूळ, राजूर करत पहाटे साम्रदला पोचली. सकाळी आठला रतनगडावर ढग दाटलेले होते. ज्यांच्या घरी आम्ही चहा घेतला, ते आजोबा म्हणाले, ‘‘आज नका उतरू, बाबांनो.’’ आमच्या म्होरक्याने तेवढ्यावर बेत रद्द केला. तरुण पोरे नाराज झाली. आठवड्यातली एकच सुट्टी, रात्रभराचे जागरण, भरलेले पैसे! आम्ही घाटघरच्या कोकणकड्यावर बसून डबे खाल्ले आणि परतलो.

त्या दिवशी पाऊस पडला नाही. परतताना बसमध्ये त्यावरून बरीच चेष्टा झाली. म्होरक्या एवढेच म्हणाला, ‘‘कुलूप लावलं आणि कुणी स्विच दाबलाच नाही, तर कुलूप फुकट गेलं म्हणतोस का रे?’’ पुढे कुणी बोलले नाही. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. निरभ्र आकाश, शेवटी चालणारा एक जाणता गडी, दोन्ही डोहांपाशी शिरगणती आणि परत फिरण्याची ठरलेली वेळ. दरी मनसोक्त पाहिली.

मंडळी, सांदणला जरूर जा, पण पाऊस पूर्ण सरल्यावर. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याचे ऐका. ज्या मंडळाबरोबर जाणार असाल, त्यांना पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा : बेत कधी रद्द केला होता का? ‘‘कधीच नाही’’ असे कुणी अभिमानाने सांगितले, तर दुसरे मंडळ शोधा.