पेशीतील डागडुजी



कर्करोगाचा विषय निघाला की तो का होतो, हाच प्रश्न प्रथम पुढे येतो. आम्ही आज तो फिरवून विचारणार आहोत. कर्करोग आपल्याला याहून कितीतरी अधिक वेळा का होत नाही?

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना उलगडली, तेव्हा आनुवंशिकतेचा हा लेख दगडावर कोरल्यासारखा पक्का असला पाहिजे, असाच बहुतेकांचा समज होता. स्वीडनच्या टोमास लिंडाल यांना तो पटेना. त्यांनी मोजमापे केली आणि निघाले ते भलतेच. शरीराची ऊब आणि पेशीतले पाणी एवढ्यानेच प्रत्येक पेशीतल्या डीएनएची सुमारे दहा हजार अक्षरे रोज गळून पडतात! यात ऊन नाही, तंबाखू नाही, क्ष-किरण नाहीत. निव्वळ जगण्याचा हा खर्च आहे. अर्थात तो रोजच्या रोज कोणीतरी भरून काढत असले पाहिजे.

जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, लेखनिकाची चूक झाली म्हणजे त्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून वर योग्य अक्षर लिहीत. पण योग्य अक्षर कोणते, हे कळायला मूळ प्रत जवळ हवी. पेशीपाशी ती असते. डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात. एकावर अॅडेनिन तर दुसऱ्यावर थायमिन, एकावर ग्वानिन तर दुसऱ्यावर सायटोसिन. एक बाजू बिघडली तर दुसरी वाचून ती पुन्हा लिहिता येते. सूर्याच्या जंबुपार किरणांनी शेजारशेजारची दोन थायमिने एकमेकांना चिकटतात. मग काही विकरे तो भाग शोधतात, दोन्ही बाजूंना काप घेऊन सुमारे तीस अक्षरांचा तुकडा काढून टाकतात, आणि समोरच्या धाग्यावरून नवा तुकडा भरतात. या व अशाच दुसऱ्या दुरुस्त्यांच्या शोधाबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

(जाता जाता एक गंमत. कित्येक जंतू ही थायमिनची गाठ साध्या उजेडाच्या बळावर एका फटक्यात सोडवतात. ते विकर कांगारूच्या कुळातही आढळते. माणसापाशी मात्र नाही.)

ही दुरुस्ती बंद पडली तर काय होईल? याचे उत्तर प्रयोगशाळेआधी काही अभागी मुलांच्या शरीरावर लिहिलेले होते. झेरोडर्मा पिगमेंटोझम हा रोग व्हिएन्नाच्या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदला होता. मूल जन्मते तेव्हा धडधाकट असते. दोनेक वर्षांत उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर तीळ आणि डाग उठू लागतात, कातडी कोरडी पडते, डोळ्यांना उजेड सोसत नाही; आणि उन्हापासून जपले नाही तर पुष्कळदा दहा वर्षांच्या आतच कातडीचा कर्करोग होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेम्स क्लीव्हर यांनी या रोगाविषयी वर्तमानपत्रात वाचले, रोग्यांच्या कातडीच्या पेशी मिळवल्या आणि १९६८ साली दाखवून दिले की, या पेशींना जंबुपार किरणांची इजा दुरुस्तच करता येत नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होय. दुरुस्ती नसली की माणसाला कर्करोग होतो, हे तेव्हा प्रथम डोळ्यांना दिसले.

आईबाप दोघेही निरोगी असतात. प्रत्येकाकडे एकेक सदोष जनुक दडलेले असते, आणि दोन्ही एकत्र आली तरच मुलाला रोग होतो. असे होण्याचा संभव दर खेपेस चारात एक. एकाच घराण्यातून तेच सदोष जनुक दोघांकडे येण्याचा धोका नात्यातल्या लग्नात वाढतो, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत आहे. आम्ही हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. उलट, अशा मुलाच्या आईला मिळणारे टोमणे थांबावेत म्हणूनच सांगतो. मुळातली खोट काढणारे औषध अजून नाही. पण उन्हापासून कडक राखण केली, डाग वेळीच काढले, तर आयुष्य पुष्कळ लांबवता येते.

आता थोडे स्तनाच्या कर्करोगाविषयी. कधी कधी दोन्ही धागे एकदम तुटतात. मग समोर वाचायला काही उरत नाही आणि पेशीला आपली दुसरी पूर्ण प्रत शोधावी लागते. या कामाला लागणारी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके १९९४ आणि १९९५ साली सापडली. यांतले एक सदोष असलेल्या स्त्रीला स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. तो दोष बापाकडूनही येतो, ही गोष्ट घरोघरी विसरली जाते. रोगाची चौकशी आईच्या माहेरापाशीच थांबते.

परंतु या पांगळेपणातच उपाय सापडला. गाठीच्या पेशींची ही एक दुरुस्ती आधीच गेलेली असते. म्हणून पार्प नावाच्या विकरावर चालणारी दुसरीही अडवली तर त्या मरतील, आणि निरोगी पेशी पहिलीच्या आधारावर तगतील. २००५ साली प्रयोगांनी हे खरे ठरले आणि २०१४ साली ओलॅपरिब हे औषध अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. पुष्कळ स्त्रियांना त्याने वर्षे मिळवून दिली आहेत. मात्र काही रोग्यांत औषध हळूहळू लागू पडेनासे होते. तपासावे तो गाठीतल्या काही पेशींच्या बिघडलेल्या जनुकात आणखी एक बदल होऊन ते पुन्हा कामाला लागलेले असते. पेशीने आपली दुरुस्ती परत मिळवलेली असते, आणि ती नेमकी नको त्या ठिकाणी!