नुसतं ‘नाइस’ पुरेसं नाही

शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक पाहिलं आणि इंग्रजीत अभिप्राय लिहायला बसलं, की आपण ‘नाइस’, ‘व्हेरी गुड’ लिहून मोकळे होतो. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नाटकानं खिळवून ठेवलं असेल तर ‘ग्रिपिंग’ म्हणा, काळजाला भिडलं तर ‘मूव्हिंग’. पुढे काय होणार ते आधीच कळत गेलं, तर ‘प्रेडिक्टेबल’. गाजावाजा मोठा आणि पदरी निराशा, तर ‘अंडरव्हेल्मिंग’.

एक नियम ध्यानात ठेवा. ‘सुपर्ब’सारख्या टोकाच्या विशेषणाला ‘व्हेरी’ जोडत नाहीत. ‘अ‍ॅब्सोल्यूटली सुपर्ब’ म्हणतात. आणि विशेषणापाठोपाठ कारण हवंच: ‘ग्रिपिंग’ का, तर दुसऱ्या अंकात एकही प्रसंग रेंगाळत नाही म्हणून.

विशेषणांच्या नुसत्या याद्या घोकू नका. वहीत प्रत्येक विशेषण नामासकट उतरवा: ‘ग्रिपिंग प्ले’, किंवा खाण्याबद्दल लिहाल तर ‘क्रिस्पी वडा’. अशा जोड्या वाचनातून सापडतात. नायगावात राहत असाल, तर हाकेच्या अंतरावर, दादर पूर्वेला, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू आहे. वाचनाची सवय तिथे लावून घ्या. शब्दकोश उघडलात, की अर्थावर थांबू नका, खालचं उदाहरणाचं वाक्यही वाचा. आठवड्याला पाच विशेषणं पक्की झाली, तरी वर्षात तुमचा अभिप्राय नेमका आणि वाचनीय होईल.