निरोप्याचे बिऱ्हाड

निरोप्याचे काम मुळात हलके. चार शब्द इकडून घ्यावेत आणि तिकडे पोचवावेत. संगणकावरील निरोप्याची रीतही आरंभी अशीच होती. १९८८ साली फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था रचली. अक्षरांपलीकडे फारसे काही न वाहणारे तिचे प्रोग्रॅम थोडक्या जागेत निमूटपणे काम करीत. पुढे आलेल्या ‘विंडोज ९५’ या प्रणालीलासुद्धा किमान ४ मेगाबाइट स्मृती चालत असे.

आजचे निरोप्ये शेकडो मेगाबाइट स्मृती अडवून बसतात. चित्रे आणि आवाज नेण्याचे त्यांचे काम वाढले, हे खरे; परंतु मोठे ओझे निरोपाचे नसून बिऱ्हाडाचे आहे. स्लॅक व डिस्कॉर्ड हे प्रोग्रॅम इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभे आहेत. गिटहबमध्ये २०१३ साली जन्मलेला हा सांगाडा प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर पाठवितो. दोन निरोप्ये आले, की दोन ब्राउझर घरात येतात. शेजारी राहूनही त्यांना एक चूल चालत नाही. उलट टेलिग्रामचा डेस्कटॉप प्रोग्रॅम सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला असल्याने त्याला हा संसार पाठीवर घ्यावा लागत नाही.

इलेक्ट्रॉनचा स्वीकार निव्वळ आळसातून झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतो. तीनदा करावयाचे काम बव्हंशी एकदाच होते. मात्र असा वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो वापरणाऱ्याच्या यंत्रावर चढतो. संपन्न यंत्राला तो जाणवतही नाही. ४ गिगाबाइटच्या जुन्या संगणकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र गप्पांची खिडकी उघडताच बाकीचे काम अडखळताना दिसते, आणि धडधाकट यंत्र अकाली म्हातारे भासू लागते.

काटकसर अशक्य नाही. स्लॅकमध्ये प्रत्येक कार्यगटासाठी निराळी चूल मांडलेली असे. २०१९ साली ती पद्धत मोडून स्मृतीचा वापर निम्म्यापर्यंत घटविल्याचे त्या कंपनीने सांगितले. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने टीम्स हा प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनवरून हलविला आणि तसाच दावा केला. निरोप तेच राहिले. दुसऱ्याच्या घरातील जागेचा हिशेब तेवढा ठेवला गेला. निरोप्याने ओसरीवर बसावे, पाणी प्यावे, निरोप सांगावा. माजघर मागू नये.